सातपुड्यातील चार दिवस : पचमढी व मढई येथील वनसहलीचे नियोजन



कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे, ज्येष्ठ नागरिक मंडळे व महिला मंडळे यांच्या सहली पचमढीस जातात. कोणत्या महिन्यात जावे, किती दिवस पुरतात, वृद्धांना झेपेल काय, वाघ दिसतो काय, अशी विचारणा न्यासाच्या कार्यालयात वारंवार होत असते. या प्रश्नांची उत्तरे एके ठिकाणी मिळावीत, या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत. प्रवासाचा आराखडा इंदूरहून निघणाऱ्यांस धरून केला आहे; भोपाळ व नागपूर येथील वाचकांसाठी मार्ग स्वतंत्रपणे नमूद केले आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. बहुतेक मंडळी दोन दिवसांत पचमढीची दहा-बारा प्रेक्षणीय स्थळे उरकतात आणि परततात. त्यात वावगे काही नाही; परंतु पचमढी हे गाव ज्या विस्तीर्ण अरण्याने वेढलेले आहे, ते अरण्य मात्र पाहायचे राहून जाते. आमची सूचना अशी की, चार दिवसांची सहल असेल तर दोन दिवस गावासाठी व दोन दिवस रानासाठी ठेवावेत. आणि ते रान आज इतके निवांत कसे झाले, हेही समजून घेऊन जावे.

१. प्रदेशाची ओळख

पचमढी हे मध्य प्रदेशातील नर्मदापुरम् जिल्ह्यात (२०२२ पर्यंतचे नाव होशंगाबाद) सातपुडा पर्वतावर, समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले गाव आहे. येथून जवळच असलेले धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची सुमारे १३५० मीटर आहे. येथील डोंगर वालुकाश्माचे आहेत. पाण्याने हा दगड हजारो वर्षे झिजत गेल्यामुळे खोल दऱ्या, उभे कडे, गुहा व प्रपात निर्माण झाले. या गुहांपैकी अनेकींत प्रागैतिहासिक व ऐतिहासिक काळातील शैलचित्रे आहेत. गावाचे नाव ज्या पाच लेण्यांवरून पडले, त्यांचा संबंध लोकपरंपरा पांडवांशी जोडते. अभ्यासक ती बौद्ध भिक्षूंची निवासस्थाने मानतात.

या परिसरात तीन संरक्षित वने एकमेकांस लागून आहेत : सातपुडा राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९८१), बोरी अभयारण्य व पचमढी अभयारण्य (दोन्ही १९७७). ही तिन्ही मिळून सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा होतो. भोवतालच्या बफर क्षेत्रासह प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे २१३३ चौरस किलोमीटर आहे. १९९९ मध्ये पचमढी जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले व २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला.

वनस्पतींच्या दृष्टीनेही हा प्रदेश विशेष आहे. सातपुड्यात सर्वत्र सागवानाचे राज्य असताना पचमढीच्या पठारावर मात्र सालवृक्षांची वने आढळतात. दऱ्यांच्या तळाशी, जिथे ऊन क्वचितच पोहोचते, तिथे वृक्षनेचे व शेवाळ्यांचे अनेक प्रकार टिकून आहेत. याखेरीज ऐन, मोह, तेंदू, हरडा, बेहडा, आवळा, जांभूळ हे वृक्ष विपुल आहेत.

२. हे रान कोणाचे

पचमढीचा 'शोध' कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी लावला असे पर्यटनपुस्तिकांत छापलेले असते. फोर्सिथ यांनी १८६२ च्या सुमारास येथे 'बायसन लॉज' बांधले व मध्य भारतातील अरण्यांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, हे खरे. परंतु त्यांच्या आगमनापूर्वी येथे गोंड व कोरकू लोकांची वस्ती होती, त्यांचे जहागीरदार होते व महादेवाची यात्राही भरत होती. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा येथील कोरकू राजे भभूतसिंह यांनी त्यांना साहाय्य केले, असे सांगितले जाते. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक पचमढी येथे झाली व पचमढी अभयारण्यास राजा भभूतसिंह यांचे नाव देण्याचे त्या वेळी घोषित झाले.

बोरीचे वन १८६५ मध्ये राखीव करण्यात आले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. राखीव झाल्यानंतरही अरण्याच्या पोटात गावे होतीच. व्याघ्र प्रकल्प झाल्यावर, विशेषतः या शतकाच्या आरंभापासून, धाईं, बोरी, चूरना यांसारखी अनेक गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आली. राष्ट्रीय योजनेत २००८ पासून अशा प्रत्येक कुटुंबासाठी दहा लाख रुपयांची तरतूद होती व पुढे ती वाढवण्यात आली. गावे उठल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली. आज सकाळच्या फेरीत वाहन एखाद्या मोकळ्या माळावर येते, समोर चितळांचा कळप चरत असतो आणि सर्वजण कॅमेरे सरसावतात. तो माळ पुष्कळदा कोणाचे तरी वडिलोपार्जित शेत असतो. कडेला उभे असलेले आंब्याचे व मोहाचे जुने झाड त्याची खूण सांगते.

या पुनर्वसनाविषयी मतमतांतरे आहेत. शाळा, दवाखाना व रस्ता जवळ आला, असे म्हणणारी कुटुंबे आहेत. तसेच मोहफुले, तेंदूपाने, नदी व देवस्थान दुरावल्याची खंत बाळगणारीही आहेत. त्यांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. मात्र आपल्याला दोन दिवस जी शांतता लाभते, तिचे मोल कोणीतरी दिलेले आहे, हे ध्यानी ठेवून गेल्यास पुढे दिलेले नियम जाचक वाटणार नाहीत.

३. ऋतू व तिथी

अ) ऑक्टोबर ते नोव्हेंबर : पावसाळ्यानंतर गाभा क्षेत्र १ ऑक्टोबर रोजी उघडते. प्रपातांना पाणी भरपूर असते व रान हिरवेगार असते. गवत उंच असल्याने प्राणी मात्र कमी दिसतात. निसर्गसौंदर्य हाच हेतू असल्यास हा काळ उत्तम.

आ) डिसेंबर ते फेब्रुवारी : हवा कोरडी व आल्हाददायक. पहाटे व रात्री कडाक्याची थंडी पडते. मढई येथील जलाशयावर स्थलांतरित पक्षी येतात. कुटुंब व ज्येष्ठ मंडळी यांच्यासाठी आम्ही याच काळाची शिफारस करतो. नाताळचा आठवडा मात्र टाळावा. गर्दी व खर्च दोन्ही वाढतात.

इ) मार्च ते जून : पानगळ झालेली असते, पाणवठे मोजकेच उरतात, त्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता सर्वाधिक. पचमढी त्या मानाने थंड असले तरी मढई खाली असल्याने तेथे दुपारचे ऊन असह्य होते.

ई) जुलै ते सप्टेंबर : गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. पचमढी गाव उघडे असते.

यात्रांच्या तिथी आवर्जून पाहाव्यात. महाशिवरात्रीस चौरागडावर मोठी यात्रा भरते. विदर्भातून हजारो भाविक 'महादेवाला' येतात व नवसाचे त्रिशूळ खांद्यावरून गडावर नेतात. नागपंचमीपूर्वी सुमारे दहा दिवस नागद्वारीची यात्रा असते. नागद्वारीची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जात असल्याने ती वर्षातून केवळ या दिवसांतच भाविकांसाठी खुली होते. या दोन्ही काळांत पचमढीत राहण्याची जागा मिळणे दुरापास्त. यात्रेस जायचे असेल तर यात्रा म्हणूनच जावे. वनसहलीची जोड तिला देऊ नये.

४. प्रवासमार्ग

पचमढीस रेल्वे नाही. इटारसी–जबलपूर मार्गावरील पिपरिया हे जवळचे स्थानक असून तेथून घाटरस्त्याने पचमढी सुमारे ५० किलोमीटर आहे. इंदूरहून जबलपूरकडे जाणारी गाडी पिपरियास पोहोचवते. बस व भाड्याची वाहने स्थानकाबाहेरच मिळतात.

मढईसाठी सोहागपूर हे जवळचे स्थानक. तेथून मढई सुमारे २० किलोमीटर. सर्वच गाड्या सोहागपूरला थांबत नाहीत, म्हणून आरक्षणापूर्वी थांबा तपासावा. अन्यथा इटारसी जंक्शन सोयीचे.

भोपाळहून पचमढी रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर आहे. हा मार्ग नर्मदापुरम्, माखननगर, सोहागपूर व पिपरिया यांवरून जातो, त्यामुळे मढई वाटेतच पडते. नागपूरहून येणाऱ्यांनी छिंदवाडा व तामिया मार्गे यावे. तामिया येथील दऱ्यांचे दृश्य रमणीय असून जेवणासाठी थांबण्यास ते ठिकाण योग्य आहे.

५. चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस : सकाळी पिपरिया, दुपारपर्यंत पचमढी. भोजनोत्तर विश्रांती. दुपारी बायसन लॉजमधील संग्रहालय पाहावे. परिसराची भूरचना, वृक्ष व प्राणी यांची ओळख आधी झाली, की पुढील तीन दिवसांना अर्थ येतो. सायंकाळी पांडव लेणी अथवा जटाशंकर.

दुसरा दिवस : सकाळी बडा महादेव व गुप्त महादेव. प्रकृती उत्तम असणाऱ्यांनी चौरागड चढावा. सुमारे तेराशे पायऱ्या आहेत, जाऊन-येऊन तीन ते चार तास धरावेत. इतरांनी हांडी खोह व प्रियदर्शिनी येथून दऱ्या पाहाव्यात. दुपारी विश्रांती व सायंकाळी धूपगडावरून सूर्यास्त. एका दिवसात याहून अधिक स्थळे जोडू नयेत.

तिसरा दिवस : न्याहारीनंतर पचमढीहून मढईकडे प्रस्थान, दोन-अडीच तास लागतात. मढई देनवा नदीच्या काठी आहे. तवा धरणाच्या जलाशयामुळे येथे नदीचे पात्र विस्तीर्ण झाले असून पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय उद्यान सुरू होते. नावेने नदी ओलांडावयाची व पैलतीरी जिप्सीत बसावयाचे, अशी येथील रीत आहे. दुपारची फेरी घ्यावी अथवा नौकाविहार करावा.

चौथा दिवस : पहाटेची फेरी. परतल्यावर स्नान, भोजन व दुपारी परतीचा प्रवास.

आणखी एक दिवस हाताशी असल्यास तो नवीन स्थळास न देता मढईलाच द्यावा. एकाच रानात तीन वेळा गेल्यावर दृष्टी स्थिरावते, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

६. आरक्षण व परवाने

गाभा क्षेत्रातील फेऱ्या सकाळी व दुपारी अशा दोन वेळा होतात. बुधवारी दुपारची फेरी नसते. होळीच्या दिवशीही उद्यान बंद असते. वाहनांची संख्या मर्यादित असल्याने मध्य प्रदेश वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच आरक्षण करावे. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सोबत वाहनचालक व गाइड असतो, गाइड अनिवार्य आहे. म्हणून गट सहाच्या पटीत जुळवल्यास खर्च वाचतो. आरक्षणाच्या वेळी दिलेले ओळखपत्रच प्रवेशद्वारी मूळ स्वरूपात दाखवावे लागते; नावात फरक असल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने येथे आकडे दिलेले नाहीत.

पचमढीतील काही स्थळे संरक्षित क्षेत्रात असल्याने तेथे खाजगी वाहन नेता येत नाही. नोंदणीकृत स्थानिक जिप्सी घ्यावी लागते व वनविभागाचा परवाना काढावा लागतो. सातपुडा हा पायी फेरीस मुभा असलेल्या मोजक्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. ठरवून दिलेल्या वाटेवर, वनविभागाच्या माणसासोबतच ही फेरी घेता येते. चालण्याची सवय असलेल्यांनी ती अवश्य घ्यावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनक्षेत्रात मोबाइल वापरू न देण्याचे निर्देश दिले. छायाचित्रांसाठी साधा कॅमेरा व पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण सोबत असावी.

७. काय पाहावे

प्रथम वाघाविषयी. सातपुड्यात वाघ आहेत. परंतु डोंगराळ व दाट रानामुळे कान्हा किंवा बांधवगडच्या तुलनेने ते कमी दिसतात. वाघाकरिताच येणाऱ्याची येथे निराशा होण्याचा संभव अधिक. जो इतर सर्व पाहण्यास सिद्ध आहे, त्यास हे रान भरभरून देते.

गवा : भारतातील सर्वांत मोठा वन्य गोवंशीय प्राणी. काळसर देह व गुडघ्याखाली पांढरे पाय यांवरून तत्काळ ओळखू येतो.

अस्वल : पहाटे व सायंकाळी वारुळे उकरताना दिसते. मोहाच्या हंगामात झाडाखाली येते.

शेकरू : महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार येथे उंच झाडांच्या शेंड्यांत आढळते. खाली क्वचितच उतरते. म्हणून मान वर करून पाहावे.

बारशिंगा : हा मध्य प्रदेशचा राज्यप्राणी. कठीण भूमीवर राहणारी त्याची उपजाती १९७० मध्ये कान्हा येथे केवळ ६६ उरली होती. तेथे ती जपली गेली, वाढली व २०१५ पासून काही जनावरे सातपुड्यातील बोरी येथे आणून सोडण्यात आली. गावे उठल्यावर झालेली कुरणे त्यांना उपयोगी पडली.

याशिवाय बिबळ्या, रानकुत्री, सांबर, चितळ, चौशिंगा व नीलगाय आहेत. देनवेच्या काठी मगर व पाणमांजर यांकडे लक्ष ठेवावे. पक्ष्यांत धनेश, दूधराज (स्वर्गीय नर्तक, मध्य प्रदेशचा राज्यपक्षी) व हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकदंब हे उल्लेखनीय आहेत. आपल्या जुन्या काव्यांत विरहाचे प्रतीक ठरलेला चक्रवाक प्रत्यक्ष पाहण्याचा योग येथे सहज येतो.

८. ज्येष्ठ व बालके

अ) पहाटेच्या फेरीत वाहन उघडे असते. हिवाळ्यात स्वेटरवर वाऱ्यास रोखणारे जाकीट, कानटोपी, मफलर, हातमोजे व पायांवर घेण्यास पांघरूण न्यावे. ऊन चढल्यावर एकेक थर उतरवता येतो.

आ) रस्ता खडबडीत असतो. कंबरदुखी, मणक्याचा विकार अथवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी जिप्सीऐवजी नौकाविहार करावा.

इ) रक्तदाब, मधुमेह यांची औषधे चार नव्हे, सहा दिवसांची न्यावीत व ती हाताच्या पिशवीत ठेवावीत. पचमढीत प्राथमिक सोय आहे. मोठ्या उपचारांसाठी खाली उतरावे लागते.

ई) प्रपातांच्या तळाशी जाण्यास बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. उतरणे सोपे वाटते, पण तितकेच चढून यायचे आहे, हे ध्यानी ठेवावे. शेवाळलेल्या दगडांवर व खोल डोहात उतरू नये.

उ) कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, उग्र अत्तर व आरडाओरडा टाळावा.

ऊ) लहान मुलांना फेरीपूर्वी गोष्टीरूपाने नियम समजावून सांगावेत. दिसलेल्या पक्ष्यांची यादी करण्यास वही दिल्यास मुले आपोआप शांत बसतात.

९. अरण्यातील आचार

फिकट हिरवे, खाकी वा मातकट रंगाचे कपडे घालावेत. वाहनातून खाली उतरू नये. प्राण्यांस खाद्य देऊ नये. पचमढीतील वानरांनाही नाही, कारण हाताळलेल्या अन्नाची चटक लागली की ती हिंस्र होतात व अखेर त्रास त्यांनाच होतो. गाइडला वाघासाठी घाई करू नये. अशा आग्रहापोटीच वाहने वेगाने धावतात व प्राणी घेरले जातात. उलट "आज आम्हांला झाडे दाखवा" असे एकदा म्हणून पाहावे. येथील बरेच गाइड आसपासच्या गावांतीलच आहेत. कोणत्या सालीचे औषध करतात, मोह कधी गळतो, पूर्वी गाव कुठे होते, हे ते आपुलकीने सांगतात. त्यांना आदराने 'आप' म्हणावे.

कचऱ्याविषयी दोन शब्द. प्लास्टिकच्या बाटल्या, प्रसादाची पाकिटे, नारळाच्या पिशव्या व अगरबत्तीची वेष्टने यांचा खच यात्रांच्या वाटेवर पडतो. तो टाकणारे आपणच भाविक असतो. सांबर व वानरे मिठाच्या वा गोडाच्या वासाने ती वेष्टने खातात. महादेवाच्या दर्शनास जाताना कापडी पिशवी न्यावी, पाण्यासाठी धातूची बाटली ठेवावी आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.

समारोप

सारांश असा : माघ अथवा पौषातील यात्रेची गर्दी नसलेले चार दिवस निवडावेत, दोन दिवस पचमढी व दोन दिवस मढई अशी विभागणी करावी, सहा-सहा जणांचे गट करावेत, आरक्षण वेळेत करावे व गरम कपडे विसरू नयेत. वाघ दिसला तर आनंदच आहे. न दिसल्यास, नदीपलीकडच्या माळावर धुके विरत असताना गवे चरत आहेत आणि जिथे पूर्वी एक गाव नांदत होते तिथे आता केवळ पाखरांचा आवाज आहे, एवढे पाहून परतणाऱ्याचीही सहल सार्थकी लागली असे आम्ही मानतो.

आपला प्रवास सुखाचा होवो.

— सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने